एका पानाची साठ पानं

सांगलीच्या गावभागात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे, त्याला २७ वर्षं झाली. या सदरात मी एरवी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. या महिन्यात मात्र पाच पत्रं एकाच अडचणीची आली: वर्डमध्ये किंवा मोबाईलवर तयार केलेलं पान जसंच्या तसं पुन्हा हवंय, आणि ते नीट निघत नाही. म्हणून आज तेवढंच.

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यात एका बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये आवक लिहायला आहे. पावतीचं एक पान वर्डमध्ये बनवलंय. वर संस्थेचं नाव, खाली टेबल: शेतकऱ्याचं नाव, गाव, बॉक्स, वजन, चेंबर नंबर. सीझनमध्ये दिवसाला साठ-साठ पावत्या होतात. मी ते पान कॉपी करून खाली पेस्ट करत जातो. पाच-सहा पानांनंतर टेबल खाली सरकतं, मधेच कोरं पान येतं, आणि विसाव्या पावतीचं डोकं एकोणिसाव्या पानाच्या तळाशी जाऊन बसतं. ‘डुप्लिकेट पेज’ असं बटण कुठंच सापडलं नाही. कुठं असतं?

उत्तर : दादा, ते बटण वर्डमध्ये नाही. पॉवरपॉइंटमध्ये आहे, तिथं स्लाइडवर कंट्रोल-डी दाबलं की दुसरी तयार. वर्डमध्ये का नाही, हे एकदा समजलं की तुमची सगळी सरकासरकी कुठून येते ते कळेल. म्हणून आधी तेच सांगते.

मी टायपिंग शिकले ती मराठी टाइपरायटरवर. तिथं पान म्हणजे हातात धरायची वस्तू होती. ओळ संपत आली की घंटी वाजायची, पान संपलं की कागद रुळातून सुटून हातात यायचा. वर्डच्या फाईलमध्ये असं काही नसतं. तिथं साठवलेले असतात परिच्छेद, टेबलं आणि सेक्शन, म्हणजे आपापली पानमांडणी असलेले भाग. पानं वर्ड दर वेळी नव्यानं मोजतं. कागद केवढा, समास किती, अक्षर कुठलं, प्रिंटर कोणता, हे बघून मजकूर ओतत जातं आणि जिथं कागद भरेल तिथं पुढचं पान सुरू करतं. त्यामुळे तुम्ही ‘पान’ कॉपी करता तेव्हा खरं तर एक लांबलचक मजकूर कॉपी होतो. तो खाली चिकटवल्यावर एका ओळीनं जरी वाढला, तरी पुढची सगळी पानं एका ओळीनं ढकलली जातात.

आणि तो वाढतोच. पहिल्या पावतीत गाव लिहिलं ‘सोनी’, एका ओळीत बसलं. पुढच्या पावतीत ‘कवठेमहांकाळ’ आलं, त्या अरुंद रकान्यात मावलं नाही, दोन ओळी झाल्या. टेबल तेवढं उंच झालं, शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली. तुमचं कोरं पान बहुतेक असंच येतं.

दुसरंही एक कारण असू शकतं, ते तपासून बघा. वर्डमध्ये टेबलाच्या खाली एक रिकामा परिच्छेद असावाच लागतो, तो पुसता येत नाही. टेबल पानाच्या अगदी तळापर्यंत गेलं असेल तर तो बिचारा परिच्छेद एकटाच पुढच्या पानावर जातो आणि तुम्हाला कोरं पान दिसतं. होम टॅबवर परिच्छेदाच्या खुणेचं एक बटण असतं, उलट्या ‘पी’सारखं दिसतं. ते दाबा, म्हणजे या लपलेल्या खुणा दिसतील. मग त्या रिकाम्या परिच्छेदाचं अक्षर १ पॉइंट करा, ओळीचं अंतर ‘एक्झॅक्टली १ पॉइंट’, वरखालची जागा शून्य. कोरं पान जाईल.

आता तुमचं पान पक्कं कसं करायचं ते. ‘टेबल प्रॉपर्टीज’च्या खिडकीत टेबलाच्या ओळींची उंची ‘अॅट लीस्ट’ असते, ती ‘एक्झॅक्टली’ करा, म्हणजे लांब नावानं ओळ फुगणार नाही. त्याच टेबल प्रॉपर्टीजमध्ये ओळ दोन पानांत तुटू द्यायची का असं विचारणारी एक चौकट असते, तिच्यातली बरोबरची खूण काढून टाका. गावाचा रकाना जरा रुंद करा, कारण ‘एक्झॅक्टली’ केल्यावर न मावलेली अक्षरं कापली जातात. नंतर पावतीच्या सगळ्यात वरच्या ओळीवर, म्हणजे संस्थेच्या नावावर कर्सर ठेवून पॅराग्राफच्या खिडकीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’वर खूण करा. ही खूण त्या परिच्छेदालाच चिकटलेली असते, त्याच्याबरोबर कॉपी होते. प्रत्येक पावती आपोआप नव्या पानावर सुरू होईल. पावती संपली की पाच-सहा वेळा एंटर दाबून पुढच्या पानावर जायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. एंटरची ओळ म्हणजे रिकामा परिच्छेदच, तोही ढकलाढकलीत सामील होतो.

मोठ्या फाईलमधलं नेमकं एकच पान निवडायचं असेल तर माउस ओढत बसू नका. त्या पानावर क्लिक करा, कंट्रोल-जी दाबा. ‘गो टू’ची खिडकी येते. तिथं बॅकस्लॅश, म्हणजे उलट्या बाजूला कललेली तिरकी रेघ, आणि तिला लागूनच इंग्रजीत ‘पेज’ हा शब्द लिहा. एंटर, मग खिडकी बंद. ते अख्खं पान निवडलेलं दिसेल. कंट्रोल-सी, मग कंट्रोल-एंड दाबून फाईलच्या शेवटी जा, कंट्रोल-व्ही. पेस्ट झाल्यावर जी छोटी पाटी दिसते तिच्यात ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडा. कोऱ्या पावत्या साठ हव्या असतील तर एकेक चिकटवू नका. एकाच्या दोन करा, मग कंट्रोल-ए दाबून दोनाच्या चार, चाराच्या आठ. सहा वेळात ६४ होतात.

एवढं सांगितलं, तरी माझं मनापासूनचं सांगणं आहे की तुमच्या कामाला हा रस्ता घेऊ नका. का, ते सांगते.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. एक कॉम्प्युटर तेवढा आधीच उचलून विश्रामबागला नणंदेच्या घरी नेला होता. पाणी उतरल्यावर त्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर मी लोकांचे नुकसानीचे अर्ज टाइप करायला बसले. एक अर्ज बनवला, तो कॉपी केला, खाली चिकटवला, नाव-पत्ता बदलला, पुन्हा चिकटवला. दोन दिवसांत एका फाईलमध्ये ८० अर्ज. तिसऱ्या दिवशी एक बाई परत आल्या. घरात पाणी शिरल्याची तारीख चुकली होती. मी मूळ अर्ज उघडून पाहिला. चूक माझीच, पहिल्याच अर्जातली, आणि तिथून ती ८० ठिकाणी गेलेली. काही अर्ज तोवर लोकांनी देऊनही टाकले होते. चिखलातून चालत आलेल्या माणसांना मी पुन्हा सही करायला बोलावलं. तो दिवस मी विसरले नाही.

कार्बनच्या काळात आम्ही मूळ कागद आणि चार प्रती एकदम काढायचो. चूक झाली तर पाचही कागदांवर व्हायची. मग प्रत्येक कार्बनखाली चिठ्ठी सरकवून एकेक कागद खोडायचा. त्रास फार होता, पण चूक कुठं-कुठं गेलीय ते समोर दिसायचं. कॉपी-पेस्टमध्ये ते दिसत नाही. साठ पावत्या म्हणजे साठ सुटे मजकूर, कुणाचा कुणाशी संबंध उरत नाही. चेंबरचा नंबर बदलला तर साठ जागी बदलायचा, आणि त्यातल्या दोन-तीन राहतातच.

म्हणून तुमच्या पावतीला मेल मर्ज वापरा, म्हणजे एकाच नमुन्यात यादीतली माहिती आपोआप भरणारी वर्डची सोय. नाव पत्रांचं असलं तरी पावतीला ते तंतोतंत बसतं. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत रकान्यांची नावं द्या: पावती क्रमांक, नाव, गाव, बॉक्स, वजन, चेंबर, तारीख. खाली एका शेतकऱ्याला एक ओळ. हे तर तुम्ही आवक वहीत करताच. वर्डमध्ये पावती एकच ठेवा. ‘मेलिंग्ज’ टॅबमधून ‘स्टार्ट मेल मर्ज’, त्यात ‘लेटर्स’. मग ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून ती एक्सेल फाईल जोडा. टेबलात जिथं नाव यायचंय तिथं ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधून नावाचा रकाना टाका, तसंच बाकीचं. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ दाबून दोन-चार पावत्या वाचून बघा, मग ‘फिनिश अँड मर्ज’. साठ पानं तयार होतात, प्रत्येक आपापल्या सेक्शनमध्ये, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. चूक सापडली तर मूळ पावतीत एकदा दुरुस्त करा आणि पुन्हा मर्ज करा.

दोन गोष्टी सांभाळा. तारखेच्या रकान्याला तारखा लिहिण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर मर्जमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो, आणि ५ मार्चची आवक ३ मेची दिसते. दुसरं, पावती अर्ध्या पानाची असेल तर एका ए-फोरवर दोन बसवा. खालच्या पावतीच्या सुरुवातीला ‘रूल्स’मधलं ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ टाका, म्हणजे तिथं पुढच्या शेतकऱ्याची माहिती येईल. साठ पावत्या तीस कागदांत होतील.

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक पान नव्या फाईलमध्ये घेतलं, तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस-चिन्हं उमटली. जुन्या फाईलमध्ये तेच पान छान मराठीत दिसतं. फाईल बिघडली का?

उत्तर : फाईल बिघडलेली नाही बाई. तुमची जुनी प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतिदेव अशा एखाद्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. तुम्ही पेस्ट करताना वर्डनं नव्या फाईलचा फॉन्ट लावला आणि मुखवटा उतरला.

आजचं काम भागवायचं तर पेस्ट करताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडा. ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ चुकूनही नको. आणि ज्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका छापायची तिथं तोच फॉन्ट हवा. शाळेत तो नसेल तर घरून पीडीएफ करून न्या.

पण सुट्टीत बसून त्या प्रश्नपत्रिका एकदा युनिकोडमध्ये आणाच. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट मंगल असो की निर्मला, मराठी मराठीच राहते. रूपांतर करून देणाऱ्या सोयी आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर उडी मारतो, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांत गोंधळ होतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. तुम्ही भाषा शिकवता, तुमच्या डोळ्यांना हे चटकन दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मजकुरात ते कुणी पाहिलेलंच नसतं, आणि तसंच छापलं जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

युनिकोडमध्ये आणल्यावर एक नवी गंमत दिसेल: अक्षराचा आकार बदलला तर इंग्रजी आकडे मोठे होतात आणि मराठी तेवढंच राहतं. कंट्रोल-डी दाबा. फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा कप्पा आहे. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथं ठरतो.

प्रश्न : जतजवळच्या आमच्या बचत गटाचा मासिक हिशेब मी मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये लिहिते. दर महिन्याला तेच पान नव्यानं लागतं. मोबाईलवर पान कसं कॉपी करू?

उत्तर : ताई, पान कॉपी करू नका, फाईलच कॉपी करा. एक कोरा नमुना ठेवा, त्याचं नाव ‘नमुना’. फाईल उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून ‘शेअर अँड एक्सपोर्ट’, मग ‘मेक अ कॉपी’, आणि नव्या फाईलला महिन्याचं नाव द्या. गेल्या महिन्याच्या फाईलवरून पुढची करू नका, त्यात कुणाचा तरी जुना हप्ता पुसायचा राहतो आणि बैठकीत वाद होतो.

प्रश्न : मी मिरजेत इंजिनिअरिंगला आहे. चार जणांच्या ग्रुपचा एकच प्रोजेक्ट रिपोर्ट, पण प्रत्येकाचं सर्टिफिकेट वेगळं पान. सर्टिफिकेटला बॉर्डर आहे. ते कॉपी केलं तर बॉर्डर येत नाही. बॉर्डर पुन्हा लावली तर अख्ख्या रिपोर्टला लागते, आणि पान नंबरही बिघडतात. सबमिशन परवा आहे.

उत्तर : बाळ, बॉर्डर, समास, आडवं-उभं पान आणि हेडर-फूटर हे सगळं सेक्शनचं असतं, आणि सेक्शनची ही माहिती सेक्शन संपतो त्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तू मजकूर उचललास, शेवटचा ब्रेक मागे राहिला, म्हणून बॉर्डर आली नाही.

सर्टिफिकेटच्या आधी आणि नंतर ‘लेआउट’मधून ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ टाक. बॉर्डर लावताना खाली ‘अप्लाय टू’ असतं, तिथं ‘धिस सेक्शन’ कर. मग परिच्छेदाच्या खुणा चालू करून सर्टिफिकेट त्याच्या शेवटच्या सेक्शन ब्रेकसकट निवड, म्हणजे ते दुहेरी ठिपक्यांच्या रेघेपर्यंत, कॉपी कर आणि तीनदा पेस्ट कर. नंबरासाठी पहिल्या प्रकरणाच्या सेक्शनमध्ये फूटरवर डबल क्लिक करून आधी ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद कर. ते बंद केल्याशिवाय काहीही बदललंस तर मागच्या पानांवरही बदलेल. मग ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट अॅट’ १. आता सर्टिफिकेटच्या फूटरमधले नंबर पुसले तरी प्रकरणांचे राहतात.

आणि छापायला नेशील तेव्हा पीडीएफच ने. दुकानात छापताना वर्डमध्ये कागद ‘लेटर’ निवडला गेला तर तो ए-फोरपेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो. तुझ्या प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुढे जातील, आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे ठरतील.

प्रश्न : मी विश्रामबागला राहतो, वय ७८. गणपतीत आमच्या कॉलनीत वाटायला आरत्यांचं एक पान नातवानं वर्डमध्ये करून दिलंय. एका कागदावर तेच पान दोनदा हवं, म्हणजे मधोमध कापून दोघांना देता येईल. नातू पुण्याला गेला.

उत्तर : काका, पान पुन्हा टाइप करायची किंवा चिकटवायची काही गरज नाही, हे काम प्रिंटरकडून करून घ्या. कंट्रोल-पी दाबा. ‘पेजेस’ची रिकामी चौकट दिसेल, तिच्यात इंग्रजी आकड्यांत एक, स्वल्पविराम, एक असं लिहा. सगळ्यात खाली ‘वन पेज पर शीट’ लिहिलेलं असतं, ते ‘टू पेजेस पर शीट’ करा. एकाच कागदावर तेच पान शेजारी-शेजारी दोनदा येईल. कॉलनीत ५० घरं असतील तर ‘कॉपीज’मध्ये २५ टाका.

फक्त अक्षर आधी मोठं करून घ्या. दोन पानं एका कागदावर बसवताना सगळं सुमारे ७० टक्के होतं, १४ चं अक्षर १० चं दिसतं. आरती म्हणताना समईच्या उजेडात वाचायचं आहे, तेव्हा मूळ पानात २० चं ठेवा. त्यानं आरत्या दुसऱ्या पानावर गेल्या तर समास अर्ध्या इंचावर आणा, आणि तरी मावल्या नाहीत तर एक आरती कमी करा, अक्षर लहान करू नका.